फॉल्स सीलिंगच्या वर चढण्याआधी

मालवणजवळच्या एका हॉटेलच्या मेंटेनन्स सुपरवायझरांनी विचारले आहे. डायनिंग हॉलमधल्या कॅसेट एसीचे पाणी गळत होते, म्हणून ठेकेदाराकडे कामाला असलेला २२ वर्षांचा मुलगा फॉल्स सीलिंगच्या वर शिरला. ड्रेन पाइपकडे सरपटत जाताना त्याचा पाय सीलिंगच्या जिप्सम बोर्डातून आरपार गेला. काखेत पट्टी अडकली म्हणून तो लोंबकळत राहिला आणि खाली टेबल लावून त्याला उतरवले. मालकांचे म्हणणे, दोन सेफ्टी बेल्ट आणू आणि फुटलेल्या बोर्डाचे पैसे ठेकेदाराच्या बिलातून कापू. सुपरवायझरांचा प्रश्न, बेल्ट आणले की पुरेल का?

पुरणार नाही. मी २६ वर्षे हेच काम करतो. आधी लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत मेंटेनन्सला होतो, नंतर मासळी प्रक्रियेचे कारखाने आणि किनाऱ्यावरची हॉटेले पाहिली. बेल्ट आणून कपाटात टांगलेले मी बऱ्याच ठिकाणी पाहिले आहेत. तुमच्या बाबतीत तर ते वापरले तरी माणूस वाचेलच असे नाही. त्याचा हिशेब आधी करू.

तुमच्या हॉलचे फॉल्स सीलिंग फरशीपासून ३ मीटरवर आणि वरचा स्लॅब ३.९ मीटरवर आहे असे धरू, बहुतेक हॉटेलांत साधारण एवढेच असते. बाजारात मिळणाऱ्या हार्नेसची, म्हणजे अंगावर चढवायच्या सेफ्टी बेल्टची, दोरी १.८ मीटरची असते. तिला जोडलेला शॉक अॅब्सॉर्बर झटका बसल्यावर उसवत जातो आणि पूर्ण उघडला तर आणखी मीटर-सव्वा मीटर लांबतो. हार्नेसचे पट्टे ताणले जातात ते वेगळे. पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर धरा. बेरीज पावणेपाच मीटरच्या आसपास जाते. दोरी स्लॅबच्या अगदी खाली बांधली तरी त्या गाठीपासून फरशी ३.८ मीटरच आहे. म्हणजे दोरी ताठ होऊन अॅब्सॉर्बर आपले काम पुरे करायच्या आत माणूस फरशीवर आदळलेला असेल. हे हार्नेस सहा मीटर आणि त्याहून उंच कामासाठी बनलेले आहेत. ३ मीटर ही उंची ऐकायला किरकोळ वाटते, पण तिथून पडायला पाऊण सेकंद लागतो आणि फरशीला टेकताना वेग ताशी २७ किलोमीटरच्या वर असतो. खाली तुमच्या डायनिंग हॉलची ग्रॅनाइटची टेबले आहेत.

आता मूळ गोष्ट. तो मुलगा वर गेला तेव्हा त्याला काय दिसले असेल? अंधार, धूळ, आणि धुळीखाली एकसारखी सपाट पांढरी जागा. डोळ्यांना ती जमीन वाटते. माझ्या मते हाच सगळ्यात मोठा धोका आहे. गच्चीच्या कडेवर उभा असलेला माणूस घाबरतो, जपून राहतो. सीलिंगच्या पोकळीत कडा दिसतच नाही, म्हणून भीतीही वाटत नाही, आणि प्रत्यक्षात तिथे चहूबाजूंनी कडाच असते.

आमच्याकडे मे महिन्यात घर शाकारायला माणसे यायची. मंगलोरी कौलांवर ती सहज चालत, पण पाय पडायचा तो नेमका एक कौल दुसऱ्यावर चढते तिथे, कारण खाली रीप, म्हणजे कौलांना आधार देणारी लाकडी पट्टी, असते हे त्यांना ठाऊक होते. कौलाच्या पोटावर कोणी पाय ठेवत नसे. नवा पोरगा वर चढला की म्हातारा आधी त्याला माळ्यावरून वासे नि रिपा दाखवायचा आणि मगच छपरावर घ्यायचा. छपराचा सांगाडा कुठे आहे हे माहीत असणे, एवढीच ती विद्या होती. फॉल्स सीलिंग बनवले जाते ते सांगाडा झाकण्यासाठीच. वर शिरणाऱ्या मुलाला तो कोणी दाखवलेला नसतो.

जिप्समचा बोर्ड साडेबारा मिलिमीटर जाडीचा, चौरस मीटरला आठ-नऊ किलो वजनाचा. तो अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या जीआय (जस्त चढवलेल्या) पत्र्याच्या चॅनेलला स्क्रूने मारलेला असतो. चॅनेल पट्टीवर लटकते आणि पट्टी स्लॅबमधल्या एका छोट्या फास्टनरवर. ही सगळी रचना स्वतःचे वजन आणि चार दिवे पेलण्यासाठी केलेली असते. ७० किलोचा माणूस गुडघ्यावर सरकतो तेव्हा त्याचे जवळजवळ सगळे वजन तळहाताएवढ्या जागेवर येते. दोन बाय दोन फुटांच्या मिनरल फायबरच्या टाइल्स तर नुसत्या टी-पट्टीच्या ओठावर टेकलेल्या असतात, त्या हाताने वर उचलता येतात. सुतार लोक 'चॅनेलवर चाला, बोर्डावर नको' असे सांगतात तेही मला मान्य नाही. चॅनेलही माणसासाठी नाही.

कोकणात यात आणखी एक भर पडते, आणि ती पुण्या-मुंबईहून येणाऱ्या इंटिरियरवाल्यांच्या लक्षात येत नाही. खाऱ्या वाऱ्याने लोखंड गंजते हे आपल्याला ठाऊक आहे. पण उघड्यावरचे लोखंड दर पावसाळ्यात धुऊन निघते. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, गेटवरचे मीठ तो वाहून नेतो. सीलिंगच्या पोकळीत पाऊस जात नाही. तिथे बसलेले मीठ वर्षानुवर्षे तिथेच राहते, हवेतला ओलावा ओढून घेते आणि पट्ट्या आतल्या आत खात राहते. त्यात एसीच्या पाइपचे इन्सुलेशन कुठेतरी फाटलेले असते आणि तिथून ठिबकणारे पाणी नेमके सीलिंग टांगणाऱ्या पट्टीवर पडते. पावसाळ्यात हॉटेल बंद असले की खोल्या तीन महिने कोंडलेल्या राहतात आणि जिप्सम ओल धरते. ओल धरलेल्या जिप्सममध्ये ताकद उरत नाही. गळती काढायला माणूस चढतो ती जागा म्हणूनच सीलिंगमधली सगळ्यात कमकुवत जागा असते. त्या मुलाचा पाय ड्रेन पाइपजवळच आत गेला, यात मला काहीच नवल वाटले नाही.

माझ्या हातून घडलेले एक प्रकरण सांगतो. एका मासळी प्रक्रिया कारखान्यात मी मेंटेनन्सचा प्रमुख होतो. कोल्ड रूमवर पफ पॅनेलचे, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या पॅनेलचे, छत होते, साडेचार मीटर उंचीवर, आणि त्यावरून रेफ्रिजरेशनचे पाइप गेले होते. आमचा मेकॅनिक त्या पॅनेलवरून कितीतरी वर्षे चालत होता. एका सांध्याशी बाष्प शिरून आतला फोम भिजला होता आणि खालचा पत्रा गंजून चाळणी झाला होता. वरून काहीच दिसत नव्हते. कामाच्या परवानगीपत्रावर (परमिटवर) सही करायच्या आधी मी त्याला विचारले, "जागा ठीक हा मां?" तो म्हणाला, "काय होणा नाय ओ, रोजचाच हा." मी स्वतः वर न जाता सही केली. अर्ध्या तासाने तो सांध्यातून खाली क्रेटवर पडला. जीव वाचला. दोन्ही टाचांची हाडे आणि कमरेचा मणका मोडला. पायावर पडणाऱ्या माणसाचे हेच मोडते. तो पुन्हा त्या कामावर येऊ शकला नाही. ती सही माझी होती आणि मी ती विसरलेलो नाही. तेव्हापासून 'रोजचेच आहे' हे उत्तर मिळाले की मी स्वतः शिडी लावून डोके वर घालतो.

तर तुम्ही काय करायचे? सगळ्यात आधी, माणूस वर पाठवायची गरज किती वेळा पडते ते पाहा. माझ्या अनुभवात हॉटेलातली बहुसंख्य कामे खालूनच होतात. एसीच्या युनिटखाली, ड्रेनच्या सांध्याखाली, व्हॉल्व्हखाली आणि जंक्शन बॉक्सखाली सीलिंगमध्ये दोन बाय दोन फुटांचे उघडणारे झाकण करून घ्या. एका झाकणाला सुताराचा अर्धा दिवस जातो. मग चाकांच्या परांचीवर उभे राहून, चाके लॉक करून, डोके आणि खांदे आत घालून काम होते. पाय कायम परांचीच्या फळीवर. फळीला चारी बाजूंनी कठडा हवा, साधारण एक मीटर उंचीचा, मध्ये एक आडवी नळी आणि खाली हत्यारे घसरू नयेत म्हणून १०-१५ सेंटीमीटरची पट्टी. माणूस वर असताना परांची ढकलत नेऊ नका. वेळ वाचतो म्हणून सगळे ते करतात आणि फरशीच्या एका फटीत चाक अडकले की परांची कलंडते. घोड्याची शिडी दोन मिनिटांच्या कामाला ठीक आहे, पण दोन्ही हातांनी पाना फिरवायचा असेल तर ती नको.

नुसते 'गळते कुठून' एवढेच बघायचे असेल तर मोबाईलचा टॉर्च लावून सेल्फी स्टिकवर फोन वर घाला आणि व्हिडिओ काढा. मी गेली काही वर्षे हेच करतो. बऱ्याचदा खालीच कळते की सांधा आपण समजत होतो तिथे नाही, पलीकडच्या झाकणाजवळ आहे, आणि एक चढण वाचते.

तरीही काही जागा उरतील जिथे आत जावेच लागेल: मोठा डक्ट, जुनी वायरिंग, पाण्याच्या टाकीची लाइन. तिथे कायमचा कॅटवॉक, म्हणजे टांगती चालवाट, बांधून घ्या. दोन फूट रुंद, स्लॅब किंवा तुळईवरून स्वतंत्र टांगलेला, सीलिंगच्या पट्ट्यांशी काहीही संबंध नसलेला. किनाऱ्यावर तो गरम जस्तात बुडवून काढलेल्या लोखंडाचा करा, नुसता रंग दोन पावसाळेही टिकत नाही. पोकळी बुटकी असेल आणि कॅटवॉक बसत नसेल तर सरपटायच्या फळ्या टाका. या फळ्या तुळईपासून तुळईपर्यंत पोहोचल्या पाहिजेत, दोन्ही टोकांना बांधलेल्या असल्या पाहिजेत आणि त्यांचे वजन सीलिंगवर बिलकुल येता कामा नये. १८ मिलिमीटरचा मरीन प्लाय चालतो, पण तुळयांमधले अंतर जास्त असेल तर खाली फळीच्या लांबीच्या दिशेने लाकडाच्या पट्ट्या हव्यात. फळीच्या दोन्ही कडांना पिवळा रंग द्या. तुमच्याकडे नेपाळ, बिहार, ओडिशाची मुले कामाला असतील, त्यांना मराठी पाटी वाचता येईलच असे नाही. सीलिंगच्या बाजूला पायाचे चित्र काढून त्यावर लाल फुली मारा.

आता हार्नेस. तो नकोच असे मी म्हणत नाही, तो योग्य प्रकारे वापरा एवढेच. कमरेचा पट्टा मुळीच नको, पडताना तो पोटात आणि मणक्यात झटका देतो. पूर्ण अंगाचा हार्नेस घ्या, त्यावर आयएस ३५२१ हा मानक क्रमांक पाहा. दोरी १.८ मीटरची न घेता अर्ध्या-पाऊण मीटरची घ्या आणि थेट डोक्यावर अडकवा, म्हणजे पाय घसरला तर माणूस वीतभर खाली जाऊन थांबेल. नाहीतर गाडीच्या सीटबेल्टसारखा झटका बसताच लॉक होणारा ब्लॉक मिळतो, तो डोक्यावर टांगा. सरपटणाऱ्या माणसाला मात्र तो नीट उपयोगी पडत नाही, कारण दोरी आडवी ओढली जाते.

खरा प्रश्न येतो तो दोरी कुठे अडकवायची हा. अमेरिकेच्या नियमात एका माणसामागे अँकर, म्हणजे दोरी अडकवायचा आधार, ५००० पौंडांचा, म्हणजे जवळजवळ २२७० किलो भार पेलणारा हवा असे आहे. आता तुमच्या पोकळीत वर बघा. वायरिंगची नळी (कंड्युइट), स्प्रिंकलरचा पाइप, केबल ट्रे, डक्टचा रॉड, यातले काहीही चालणार नाही. स्लॅबमध्ये नवा फास्टनर मारायचा तर आधी हातोडीने ठोकून बघा. किनाऱ्यावरच्या जुन्या स्लॅबात सळ्या फुगून खालचा थर सुटलेला असतो आणि तो बद्द वाजतो. तिथे मारलेला फास्टनर थरासकट हातात येईल. जांभ्याच्या चिऱ्यात अँकर मारू नका. चिरा भार पेलतो तो दाबाचा, ओढीचा नाही, आणि भोकापाशी भुगा होतो. सगळ्यात भरवशाचे म्हणजे आरसीसी बीम किंवा छपराच्या लोखंडी कैचीला वेढा घालून बसवलेली तारेची किंवा पट्ट्याची स्लिंग. लाकडी तुळई असेल तर स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. ऐन किंवा सागाची तुळई बाहेरून धडधाकट दिसते, आतून वाळवीने पोकळ केलेली असते. जुन्या वाड्यांचे होम-स्टे झाले आहेत, त्यांच्या माळ्याच्या फळ्यांनाही हेच लागू आहे.

आणि जो लटकला त्याला उतरवायचे कसे, हे काम सुरू करायच्या आधी ठरवा. हार्नेसमध्ये लोंबकळणाऱ्या माणसाचे रक्त पायांत साचते, काही मिनिटांतच तो बेशुद्ध होऊ शकतो. म्हणून चाकांची परांची हॉलमध्येच उभी हवी आणि दुसरा माणूस खाली सतत हजर हवा. एकट्याला कधीही वर सोडू नका. आपल्याकडे १०८ ची गाडी येते, पण डोक्याला जबर मार असेल तर पेशंट सहसा गोव्याला, बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात न्यावा लागतो. मालवणहून तो रस्ता किती वेळाचा आहे हे तुम्हाला ठाऊक आहे.

विजेबद्दल थोडेच, पण महत्त्वाचे. वर चढून पडलेली काही माणसे मुळात शॉक लागून पडलेली असतात. उंदीर वायर कुरतडतात, उघडी तार जीआयच्या चॅनेलला टेकते आणि सगळी जाळी जिवंत होते. त्या भागाचा सप्लाय बंद करून एमसीबीला कुलूप लावा, किल्ली वर जाणाऱ्याच्या खिशात. टेस्टरने चॅनेल तपासा. उजेडाला डोक्यावरचा बॅटरीचा दिवा, २३० व्होल्टचा लोंबता बल्ब नको.

उन्हाचेही बघा. पत्र्याखालच्या पोकळीत एप्रिल-मेमध्ये दुपारी माणसाला भोवळ येते, म्हणून हे काम सकाळी दहाच्या आत उरका आणि वीस मिनिटांनी माणूस खाली बोलवा. जुन्या इमारतीत उदमांजर, धामण, गांधीलमाश्यांचे पोळे हे सगळे वर असते. बिनविषारी धामण काही करत नाही, पण ती समोर आली की माणूस दचकून फळीवरून बाजूला पाय टाकतो. आधी टॉर्च मारा, काठी वाजवा, पाच मिनिटे थांबा, मग आत जा.

किचनच्या मागे सिमेंटच्या पत्र्यांची शेड आहे असे तुम्ही लिहिले आहे. तिच्यावरही माणसे चढवताना हाच विचार करा. सिमेंटचा पत्रा ठिसूळ असतो, वाकून इशारा देत नाही, एकदम फुटतो. मध्ये बसवलेला उजेडाचा फायबरचा पत्रा शेवाळ आणि धुळीने बाकीच्यांसारखाच दिसतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आले, त्यानंतर श्रीवर्धन-दापोली पट्ट्यात घरोघरी लोक पत्रे ठोकायला चढले होते. त्या आठवड्यात वादळातून सुखरूप राहिलेली माणसे छपरावरून पडलेली मी पाहिली. पत्र्यावर आडव्या फळ्या टाकल्याशिवाय आणि शिडी वर बांधल्याशिवाय कोणालाही चढू देऊ नका. पाऊस पडून गेल्यावर तर नाहीच.

मालकांना कायद्याची भाषा लागत असेल तर एवढे सांगा. माणूस उंचावरून पडू शकेल अशा जागी कठडा किंवा दुसरी सोय करणे ही जबाबदारी १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ३२ ने मालकावर टाकली होती. तुमचे हॉटेल कारखाना नाही हे खरे, पण नुकसानभरपाईच्या बाबतीत 'तो ठेकेदाराचा माणूस आहे' म्हणून हात झटकता येत नाहीत. ठेकेदाराच्या कामगारासाठी मुख्य मालकाला जबाबदार धरण्याची तरतूद १९२३ च्या भरपाई कायद्यातच आली.

आता बोर्डाच्या पैशांचे. कृपा करून ते कापू नका. पैसे कापले तर पुढच्या वेळी बोर्डाला तडा गेलेला मुलगा तुम्हाला सांगणार नाही, वरून टेप चिकटवून खाली येईल, आणि त्याच जागी दुसरा कोणी गुडघा टेकेल. त्या मुलाला आधी डॉक्टरकडे न्या. काखेत पट्टी अडकून अंगाचे वजन लोंबकळले आहे, खांदा आणि दंडाच्या नसा तपासायला हव्यात. त्या दिवशी दुखले नसले तरी दंड बधिर होणे, बोटांत मुंग्या येणे हे दोन-तीन दिवसांनी सुरू होऊ शकते. परत आल्यावर त्यालाच सोबत घेऊन खालून सीलिंग बघा आणि कुठून शिरला, काय दिसले, हात कशावर टेकला ते विचारा. त्या भोकाला नवा बोर्ड लावू नका. चौकोनी कापून तिथेच पहिले झाकण बसवा, ड्रेन पाइप तसाही त्याच्याच वर आहे.